बॅकस द्राक्षाची पांढरी वाइन : आम्लाला हात लावण्यापूर्वी

वाशीतील एका निवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते आणि तिच्या घरामागच्या उतारावर आधीच्या मालकाने लावलेले बॅकस जातीच्या द्राक्षाचे चाळीसेक वेल आहेत. शिक्षक आणि त्यांच्या पत्नी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तिकडे राहणार असून त्या द्राक्षांची घरच्यापुरती पांढरी वाइन करावी, असा त्यांचा मानस आहे. त्यांना मिळालेल्या कृतीत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: रस काढल्याबरोबर खडूची पूड घालून आंबटपणा कमी करावा, साखर घालून अल्कोहोल १२ टक्क्यांपर्यंत न्यावे आणि शेवटी मॅलोलॅक्टिक किण्वन, म्हणजे जीवाणूंकडून मॅलिक आम्लाचे मऊ लॅक्टिक आम्ल करून घेणे, करावे. थंड हवेतील आंबट द्राक्षासाठी हे सर्व आवश्यकच आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सर, साखर थोडी लागेल, खडू बहुधा लागणार नाही आणि मॅलोलॅक्टिक किण्वन बॅकसच्या बाबतीत करू नये, असे माझे मत आहे. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आम्लाविषयीचा निर्णय रसाच्या टप्प्यावर घेण्याची घाई करू नये. तो किण्वन (रस आंबण्याची क्रिया) पूर्ण झाल्यावर, पेला हातात घेऊन आणि चव पाहून करावा. मी नाशिक जिल्ह्यातील वाइनरींमध्ये अनेक वर्षे काम केले, मधले काही हंगाम जर्मनीतील ऱ्हाइनहेसन भागात आणि दक्षिण इंग्लंडमध्ये काढले, आणि आता ठाण्यात पाचपाखाडीला स्थायिक आहे. दोन्ही हवामानांत हात घातलेला असल्यामुळे ही एक गोष्ट मला सर्वांत आधी सांगाविशी वाटते.

आपल्याकडे नाशिकला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात काढली जातात. दुपारचे ऊन चढू लागले की मण्यांतील साखर भराभर वाढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरते, कारण उष्णतेत मण्याचा श्वसनाचा वेग वाढतो आणि त्यात मॅलिक आम्ल खर्च होते. त्यामुळे आपल्याकडचा वाइन करणारा आम्ल टिकवण्याच्या चिंतेत असतो आणि पुष्कळदा रसात टार्टरिक आम्ल वरून घालतो. केंट सुमारे ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर नाशिक २० अंशांवर. तेथे वेल हिवाळाभर झोपलेला असतो, फुलोरा जून-जुलैत येतो आणि काढणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. थंड रात्रींमुळे मॅलिक आम्ल फारसे खर्च होत नाही आणि साखर मात्र सावकाश चढते. नाशिकला आपण आम्ल राखायला धडपडतो आणि तेथे साखरेची वाट पाहतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याला मिळालेली कृती कोणत्या भीतीतून लिहिली गेली आहे ते कळते.

ती भीती सर्वस्वी निराधार नाही, परंतु बॅकसला ती पूर्णपणे लागू पडत नाही. ही जात जर्मनीतील पॅलाटिनेट भागात, गाइलवाइलरहोफ येथील संशोधन केंद्रात १९३३ साली संकराने तयार करण्यात आली. सिल्व्हानर आणि रिस्लिंग यांच्या संकराशी म्युलर-थुर्गाउ या जातीचा पुन्हा संकर केला गेला, आणि वाइनचा देव मानल्या गेलेल्या रोमन बॅकसचे नाव तिला देण्यात आले. रिस्लिंग उशिरा पिकते आणि थंड वर्षात कच्ची राहते. त्या मानाने लवकर पिकणारे, साखर चांगली धरणारे आणि आम्ल कमी असणारे हे द्राक्ष आहे. जर्मनीत तर बॅकसची वाइन आम्लाअभावी पसरट लागते, अशीच तक्रार अनेकदा केली जाते. इंग्लंडच्या अधिक थंड उन्हाळ्यात मात्र याच द्राक्षात आम्ल शिल्लक राहते आणि त्याचा सुगंध खुलून येतो, म्हणून १९७० च्या दशकापासून ते तेथे रुजले. ज्या आम्लामुळे या द्राक्षाला तेथे किंमत आली, तेच पहिल्या दिवशी खडूने मारून टाकणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

खडूविषयी आणखी एक रासायनिक मुद्दा आहे, आणि तो आपल्याला माझ्यापेक्षा चांगला समजेल. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टरिक आणि मॅलिक. कॅल्शियम कार्बोनेट रसात घातले की कॅल्शियम टार्ट्रेट तळाशी बसते, म्हणजे खडू टार्टरिक आम्ल काढून नेतो. मॅलिक आम्ल जवळजवळ तसेच राहते. थंड हवेत मात्र कच्च्या सफरचंदाची करकरीत आंबट चव देणारे मॅलिक आम्लच जास्त असते. त्यामुळे खडू घातल्यावर मोजणीचा आकडा खाली येतो, पण जिभेला बोचणारा भाग तसाच उरतो आणि वाइनला बांधून ठेवणारे, तिचा सामू (पीएच) खाली राखणारे टार्टरिक आम्ल निघून जाते. लिटरला सुमारे ०.६७ ग्रॅम खडू एक ग्रॅम आम्ल कमी करतो, हा हिशेब पुस्तकात सोपा दिसतो. परंतु कॅल्शियम टार्ट्रेट पूर्णपणे बसायला कित्येक आठवडे लागतात आणि घाई केल्यास त्याचे स्फटिक पुढे बाटलीत उतरतात. ऱ्हाइनहेसनमधील माझ्या पहिल्याच हंगामात मी एका लहान पिंपातील रसाला, लिटरला १० ग्रॅम आम्लाचा आकडा पाहून घाबरून, खडू दिला होता. वसंतात ती वाइन चाखली तेव्हा ती एकाच वेळी पसरट आणि आंबट लागत होती, आणि त्यावर नंतर काहीही इलाज करता आला नाही.

रसातील आम्ल, आपण काहीही न करता, वाटेत आपोआप उतरत जाते. अल्कोहोल वाढत जाते तसे पोटॅशियम बायटार्ट्रेट (टार्टरिक आम्लाचा क्षार) कमी विरघळते आणि खाली बसते. पुढे हिवाळ्याच्या थंडीत आणखी थोडे बसते. यीस्टची जात विचारपूर्वक निवडली तर मॅलिक आम्लाचा काही भाग तेही खाऊन टाकते. रसात लिटरला ९.५ ग्रॅम असलेले आम्ल वसंतापर्यंत ८ च्या आसपास आलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि बॅकसला ७.५ ते ८ ग्रॅम शोभून दिसते. रसाचा आकडा १२ च्या पलीकडे गेला, म्हणजे वर्ष खरोखरच वाईट गेले, तरच मी रसाच्या टप्प्यावर थोडा खडू वापरीन, आणि तोही आकडा फार तर १०.५ पर्यंत आणण्यापुरता.

आता काढणीकडे वळू, कारण आम्लाचा खरा इलाज वेलावर होतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून आपल्या मुलीला दर चार दिवसांनी शंभर मणी गोळा करायला सांगावे: उताराच्या वरच्या व खालच्या वेलांवरून, घडाच्या उन्हाकडील आणि सावलीकडील बाजूंनी, खांद्यावरून आणि टोकावरून. फक्त सुंदर दिसणारे मणी तोडले, तर आकडा फसवा येतो. ते कुस्करून, गाळून, रसाची घनता हायड्रोमीटरने आणि आम्ल टायट्रेशनने मोजावे. १० मिलिलिटर रसाला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड जितके मिलिलिटर लागेल त्याला ०.७५ ने गुणले की टार्टरिकच्या हिशेबात लिटरमागे ग्रॅम मिळतात; म्हणजे १२ मिलिलिटर लागले तर ९ ग्रॅम. घनता १.०७० ते १.०८० आणि आम्ल ८ ते १० यांच्या दरम्यान आले की काढणीचा काळ जवळ आला असे समजावे. आकड्यांइतकेच बियांकडेही पाहावे. त्या हिरव्या असतील तर थांबावे, तपकिरी होऊन दाताखाली कडक लागू लागल्या तर तयारी करावी. मणी चावल्यावर नुसता आंबटपणा न जाणवता मागे एक हिरवट सुवास राहू लागतो, तो दिवस बॅकससाठी चांगला असतो. त्यापुढे फार थांबले तर सुगंध जड होतो आणि आम्लही ढळते, तेव्हा केवळ साखरेच्या लोभाने काढणी लांबवू नये.

ऑक्टोबरच्या पावसात करड्या बुरशीची भीती असते. आपल्याकडील बागाईतदार भुरी आणि डाऊनी यांच्याशी झगडतो; तेथे ते दोन रोग आहेतच, पण काढणीच्या तोंडावर बोट्रायटिस, म्हणजे ही करडी बुरशी, हा अधिक मोठा शत्रू ठरतो. या बुरशीतील लॅकेज नावाचे विकर (एन्झाइम) रसाला तपकिरी करते आणि नेहमीच्या प्रमाणातील सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या परिरक्षकाला, दाद देत नाही. म्हणून बुरशी लागलेला प्रत्येक मणी कात्रीने काढून टाकावा. चाळीस वेलांसाठी हे काम दोन माणसांचे एका सकाळचे आहे आणि त्यात कुचराई करू नये.

बॅकसचा सुगंध कशाचा, हे आपल्याला आधी नाकाने ओळखता आले पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत त्याला एल्डर या युरोपीय झुडपाच्या फुलांचा, गूसबेरीचा आणि कापलेल्या गवताचा वास म्हणतात. गूसबेरीचे भाषांतर अनेक ठिकाणी आवळा असे केलेले आढळते, ते चुकीचे आहे. या वासाच्या जवळ जाणारी आपल्याकडची फळे म्हणजे पपनस आणि नुकतीच चिरलेली कैरी. एल्डरची फुले जूनमध्ये येऊन जातात, त्यामुळे आपल्याला ती दिसणार नाहीत, पण तेथील दुकानांत त्यांचे सरबत मिळते, ते एकदा जरूर हुंगून पाहावे. या वासांपैकी काही वास थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांचे असतात. द्राक्षात ती बांधलेल्या स्वरूपात, बरीचशी सालीत असतात. किण्वनात यीस्ट त्यांना मोकळे करते. मोकळी झाल्यावर ती हवेने आणि तांब्याने नष्ट होतात. त्यामुळे आपल्या घरातील तांब्या-पितळेचे पातेले किंवा गाळणी या कामाला वापरू नये. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो हे आपण लहानपणापासून जाणतोच. येथे तो कळकण्याआधीच त्याचा सुगंध जातो. त्याच कारणाने काढणीपूर्वीच्या आठवड्यांत वेलांवर तांबे असलेल्या बोर्डो मिश्रणाची फवारणीही नको.

चाळीस वेलांपासून ६० किलो द्राक्षे मिळाली असे धरले, तर हाताने फिरवायच्या दाबयंत्रातून साधारण ३५ लिटर रस मिळेल. द्राक्षे निरोगी असतील तर घड चिरडून सालीसह पाच-सहा तास थंड जागी ठेवावीत आणि मगच दाबावीत. त्यामुळे सालीतील सुगंधाची द्रव्ये रसात उतरतात, शिवाय सालीतील पोटॅशियममुळे आम्ल किंचित सौम्य होते, आणि हा खडूपेक्षा कितीतरी सभ्य उपाय आहे. बुरशीचा थोडाही संशय असेल तर मात्र हा टप्पा गाळून घड थेट दाबावेत. चिरडतानाच लिटरला सुमारे ०.०९ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट द्यावे, म्हणजे ३५ लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास. घरी स्क्वॅश करणाऱ्यांच्या परिचयाचे केएमएस ते हेच. मग रस निवळायला मदत करणारे पेक्टिनेज विकर घालून रस रात्रभर १० अंशांच्या आसपास निवळू द्यावा आणि वरचा निवळ रस नळीने काढून घ्यावा. गढूळ रसात सुगंध खुलत नाही. अगदी काचेसारखा स्वच्छ केला तर यीस्टचे पोषण कमी पडते. पातळ ताकाच्या निवळीइतका धूसर रस मला योग्य वाटतो.

साखरेचा हिशेब सरळ आहे. लिटरला १७ ग्रॅम साखर सुमारे १ टक्का अल्कोहोल देते. रसाची घनता १.०७० असेल तर त्यातून ९.२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होईल. ते ११ पर्यंत नेण्यासाठी लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे ३५ लिटरला एक किलोहून किंचित अधिक साखर लागेल. कृतीतील १२ टक्क्यांचा आग्रह मी धरणार नाही. या द्राक्षाची वाइन अंगाने हलकी असते आणि अल्कोहोल वाढवले की ती तिखट लागते आणि तिचा वासही दबतो.

यीस्टच्या बाबतीत मी आपल्याला रसाचे दोन भाग करायला सुचवतो. २३ लिटरच्या दोन पात्रांत प्रत्येकी साधारण १७ लिटर रस घ्यावा. एकात सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षासाठी विकले जाणारे, थायॉल मोकळे करणारे यीस्ट वापरावे. दुसऱ्यात लालव्हिन ७१बी वापरावे, कारण ते फळांचा सौम्य वास देते आणि मॅलिक आम्लाचा काही भाग खाते. यीस्ट त्याच्या दहापट कोमट पाण्यात, पाकिटावर सांगितलेल्या तापमानाला, वीस मिनिटे भिजवून घ्यावे आणि त्यात थोडा थोडा रस मिसळून ते थंड करीत न्यावे. कोमट यीस्ट एकदम गार रसात ओतले तर पेशी मरतात. पोषणासाठी डायअमोनियम फॉस्फेट लिटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास, निम्मे किण्वन सुरू झाल्यावर आणि निम्मे एक तृतीयांश साखर संपल्यावर द्यावे. नायट्रोजन कमी पडला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि तो घालवण्यासाठी वापरायचा तांब्याचा उपाय बॅकसचा सुगंधही घेऊन जातो, म्हणून तो वास येऊच न देणे हाच मार्ग आहे.

तापमान १४ ते १६ अंश ठेवावे. ठाण्या-वाशीत ऑक्टोबरमध्ये ते शीतयंत्राशिवाय केवळ अशक्य आहे, परंतु केंटमधील घराच्या गॅरेजमध्ये त्या महिन्यात ते बहुधा आपोआप मिळते. तेथे फार गार झाले आणि बुडबुडे थांबू लागले तर पात्राभोवती घोंगडी गुंडाळावी. किण्वन दोन ते तीन आठवडे चालेल. घनता ०.९९५ च्या खाली जाऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिली की गाळावरून वाइन वेगळी करावी, सल्फाइट द्यावे, आणि तेथून पुढे पात्र तोंडापर्यंत भरलेलेच ठेवावे. गाळ वजा जाता ३२ लिटर उरतील. सल्फाइट किती, हे सामूवर ठरते: सामू ३.२ असल्यास मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २१ मिलिग्रॅम पुरतो, ३.४ असल्यास ३२ लागतो. खडूने सामू चढवला की त्याची किंमत अशी पुढे सल्फाइटमध्ये मोजावी लागते.

दोन्ही पात्रांतील वाइनचे निरनिराळ्या प्रमाणांत मिश्रण करून चव पाहावी, आणि येथे, नोव्हेंबरच्या अखेरीस, आम्लाचा निर्णय करावा. पोटॅशियम बायकार्बोनेटचे १० टक्क्यांचे द्रावण करावे. १०० मिलिलिटर वाइनच्या चार पेल्यांपैकी एकात काहीच घालू नये आणि उरलेल्यांत अनुक्रमे अर्धा, एक आणि दीड मिलिलिटर द्रावण घालावे. हे लिटरला अर्धा, एक आणि दीड ग्रॅम होईल. खाण्याचा सोडा या कामाला चालत नाही, त्याने वाइन खारट होते. जो पेला सर्वांत आवडेल त्याच्या किंचित अलीकडचे प्रमाण निवडावे, कारण बायकार्बोनेटमुळे वाढलेले पोटॅशियम पुढे थंडीत बायटार्ट्रेट होऊन बसते आणि आम्ल आणखी उतरते. माझा अनुभव असा आहे की, घरातील चार माणसांना न सांगता पेले दिले तर निदान दोघे काहीही न घातलेला पेला निवडतात. तसे झाले तर हात आवरावा. कडा किंचित बोथट करायची असेल तर लिटरला चार-पाच ग्रॅम साखर पुष्कळ काम करते. मात्र साखर घातलेली वाइन बाटलीत पुन्हा फसफसू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट घालावे लागते आणि त्यासोबत सल्फाइट पुरेसे असावे लागते, अन्यथा लॅक्टिक जीवाणू सॉर्बेटवर जगून जिरॅनियमच्या पानांचा वास आणतात आणि तो कायमचा राहतो.

मॅलोलॅक्टिक किण्वन शार्डने या पांढऱ्या द्राक्षाच्या किंवा तांबड्या वाइनला शोभते. जीवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, त्यामुळे आंबटपणा खरोखरच मऊ होतो. पण सोबत लोण्यासारखा वास येतो आणि पपनस-कैरीचा वास त्याखाली हरवतो.

डिसेंबरात आपण परत याल तेव्हा वाइन गॅरेजमध्ये थंडीत निवळत असेल. मुलीने दर महिन्याला सल्फाइट तपासावे आणि पात्र भरलेले राखावे. फेब्रुवारीत लिटरला ०.५ ते १ ग्रॅम बेंटोनाइट माती देऊन प्रथिने बसवावीत, नाहीतर उन्हाळ्यात बाटलीत धूसरपणा येतो. मार्चच्या अखेरीस बाटल्या भराव्यात. चाळीसेक बाटल्या होतील.

जाण्यापूर्वी हात बसावा म्हणून वाशीतच एक प्रयोग करून पाहण्याची आपली इच्छा आहे. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही, तेव्हा येथे किण्वन करू नये. रसाची मोजणी करायला मात्र कोणतीच आडकाठी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून दोन किलो थॉमसन जातीची द्राक्षे आणावीत, काही घड हिरवट व काही पिवळसर निवडावेत, दोहोंचा रस वेगवेगळा काढून घनता आणि आम्ल मोजावे, आणि मोजण्याआधी जिभेने अंदाज लिहून ठेवावा. आठ-दहा वेळा असे केले की जीभ आणि ब्युरेट (टायट्रेशनची मोजनळी) यांचा मेळ बसू लागतो.

पुढल्या वर्षी काही बाटल्या इकडे आणाल, तेव्हा त्या कपाटात ठेवू नयेत. मी आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक ठाण्याच्या घरात भिंतीतल्या कपाटात आणि एक फ्रिजमध्ये एप्रिल-मे काढून मग उघडली. कपाटातील वाइनला नुसता उकडलेल्या सफरचंदाचा वास उरला होता. बॅकस तसेही दोन वर्षांच्या आत पिऊन टाकावे. आणि विमानाची तिकिटे २० सप्टेंबरच्या आतली काढावीत, कारण उन्हाळा २०१८ सारखा तापला तर काढणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन ठेपेल.